माळ काढून ठेवताना

लोणंद सोडले, चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण झाले आणि माउलींची पालखी तरडगावी विसावली, त्या रात्रीची गोष्ट. समाजआरती झाली होती. आमच्या दिंडीची पंगत उठली होती. सामानाच्या ट्रकच्या आडोशाला बसून मी पायाला तेल चोळत होतो. यंदाच दिंडीत आलेला एक तरुण शेजारी येऊन टेकला. दिवसभर पताका घेऊन पुढे असणारा, रिंगणात घोडा निघून गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला सगळ्यांच्या आधी धावलेला हा पोरगा आता काहीच बोलेना. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काका, दारूत माणसाच्या हातून काही झालं, तर ते पाप माणसाचं की दारूचं?"

वारीत असे प्रश्न नेहमीच निघतात. दिवसभर चालून शरीर थकले की मन मोकळे होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचा हात सवयीने गळ्याशी गेला आणि रिकामाच परत आला. गळ्यात माळ नव्हती. मग मी उत्तर न देता त्यालाच बोलू दिले.

तो ट्रकवर आहे. घरात तीन पिढ्यांची वारी. सोळाव्या वर्षी वडिलांनी माळ घालायला लावली. उन्हाळ्यात एका लांबच्या फेरीत गाडी नादुरुस्त झाली आणि दोन दिवस तो ढाब्यावर अडकला. सोबत आणखी दोन चालक होते. दुसऱ्या रात्री बाटली आली. बाटली संपल्यावर कोणीतरी जवळच्या वस्तीची वाट दाखवली. कंडोम वापरला नव्हता. त्याला आता सहा आठवडे झाले होते.

"त्यानंतर घरी गेलास?"

"दोनदा जाऊन आलो."

"आणि घरात?"

"पाचवा महिना आहे तिला." मग घाईघाईने म्हणाला, "मी तसा नाही हो काका. शुद्धीत असतो तर झालंच नसतं."

मी विचारले, "माळ कुठं होती त्या रात्री?"

"काढून ठेवली होती."

"कधी?"

"बसायच्या आधी. केबिनमध्ये पांडुरंगाच्या फोटोला अडकवली. विटाळ नको म्हणून."

(हे त्याच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत.)

माझी सतरा वर्षांची नोकरी सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्हीच्या समुपदेशन केंद्रात गेली. 'शुद्धीत असतो तर' हे शब्द त्या टेबलापलीकडून मी किती वेळा ऐकले असतील त्याची गणती नाही. दुसरे वाक्यही तितकेच ऐकले: 'माझा स्वभावच तसा आहे.' एक जण दोष बाटलीवर टाकतो, दुसरा जन्मावर. दोन्ही वाक्यांत 'मी' नावाचा माणूस हळूच मागच्या दाराने निघून जातो. अर्जुनानेही गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हेच विचारले आहे की, इच्छा नसताना कोणीतरी जबरदस्ती केल्यासारखा माणूस पाप का करतो? त्याच अध्यायात त्याच्या थोडे आधी भगवंतांनी सांगून ठेवले आहे की, प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, तिथे निग्रह काय करणार? शके १२१२ मध्ये ज्ञानोबारायांनी हे मराठीत आणले, तेव्हापासून आपण ते ऐकत आहोत. पण ऐकताना मला नेहमी एक शंका येई. प्रकृतीच जर सगळे करून घेते, तर माळ कशाला घालायची? आणि माळ घालून भागते, तर माझ्या टेबलापाशी माळकरी का येत होते?

आधी स्वभावाचे पाहू. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपण फार सहज वापरतो. मार्विन झुकरमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली थरार शोधण्याची ओढ मोजायची एक प्रश्नावली तयार केली. नवे, तीव्र, धोक्याचे अनुभव हवेहवेसे वाटणे हा माणसामाणसांत कमी-अधिक असलेला गुण आहे, असे त्याचे म्हणणे. पुढच्या अनेक वर्षांच्या अभ्यासात दिसले की ही ओढ ज्यांच्यात जास्त, ते गाडी भरधाव हाकतात, नशेकडे लवकर वळतात, आणि शरीरसंबंधातही जास्त जोखीम घेतात. त्याला उतावळेपणाची जोड मिळाली, म्हणजे 'आधी करू, मग बघू' हा पिंड असला, की धोका आणखी वाढतो. ऐन तारुण्यात ही ओढ सर्वांत जोरात असते, वय वाढते तशी उतरते. म्हणून आपल्या दिंडीतली म्हातारी मंडळी तरुणांना ब्रह्मचर्यावर प्रवचन देतात, तेव्हा मला जरा हसू येते. त्यांच्या संयमातला काही वाटा साधनेचा असेल, पण बराचसा गुडघ्यांचा असतो.

इथे एका चुकीपासून सावध राहिले पाहिजे. दारू पिणारे लोक जोखमीचे संबंध अधिक ठेवतात हे खरे. पण तेवढ्यावरून दारूनेच ते घडवले असे ठरत नाही. पाऊस पडला की छत्र्या उघडतात आणि बेडूकही ओरडतात, म्हणून छत्रीमुळे बेडूक ओरडतो असे कोणी म्हणत नाही. थरार हवा असणारा माणूस बाटलीकडेही जातो आणि त्या वस्तीकडेही जातो. दोन्ही फांद्या एकाच खोडाला फुटलेल्या असू शकतात. घरात बाटली फोडून टाकली म्हणजे नवरा सुधारला, असे मानणाऱ्या आयाबहिणींची यात फसगत होते.

पण थरारवाले हे अर्धेच चित्र झाले. माझ्या टेबलापाशी मला त्यांच्यापेक्षा एकटे पडलेले अधिक भेटले. महिना महिना घराबाहेर असणारे चालक, फडावरचे ऊसतोड कामगार, शहरात आठ जणांत एक खोली घेऊन राहणारी पोरे. त्यांना धाडस नको होते, त्यांना संध्याकाळ काढायची होती. मनातली भीती, अपमान, कर्जाचा विचार दाबायला घोट घ्यायचा आणि घोट घेतल्यावर कोणाच्या तरी जवळ असावे असे वाटायचे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यासाठी वेगळे कार्यक्रम चालवते ते उगीच नाही. त्यांचा स्वभाव वाईट म्हणून नव्हे, त्यांचे जगणे घरापासून तुटलेले म्हणून.

आता दारूचे. आपण समजतो की दारू पोटात गेली की माणूस राहत नाही, जनावर होते. जगभर पाहणाऱ्यांना तसे दिसले नाही. बोलिव्हियात कांबा नावाचे लोक आहेत. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ड्वाइट हीथ याने त्यांच्यात राहून १९५८ साली लिहिले की हे लोक जवळजवळ शुद्ध म्हणावी इतकी कडक दारू पितात, शुद्ध हरपेपर्यंत पितात, आणि तरी त्यांच्यात दारूमुळे ना मारामाऱ्या होतात ना स्वैराचार. मॅकअँड्रू आणि एजर्टन या दोघांनी १९६९ साली अशी पुष्कळ उदाहरणे गोळा केली. त्यांचे म्हणणे असे की प्यालेला माणूस कसा वागणार हे बरेचसे त्याचा समाज ठरवतो. 'प्यालेल्याला सगळे माफ' असे ज्या समाजात मानतात, तिथे प्यालेला तसाच वागतो.

याहून मजेदार गोष्ट विल्सन आणि लॉसन यांच्या १९७६ सालच्या प्रयोगाची. काही पुरुषांना व्होडका दिली, काहींना नुसते टॉनिक. प्रत्येक गटातल्या निम्म्यांना खरे सांगितले, निम्म्यांना उलटे. मग त्यांना कामुक दृश्ये दाखवली. ज्यांना 'आपण दारू प्यालो' असे वाटत होते, त्यांची वासना अधिक जागी झाली. पेल्यात खरोखर दारू होती की नव्हती याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे काम दारूने केले नाही, दारूच्या नावाने केले. नामाचा महिमा आपल्याला ठाऊक आहेच. तो उलट्या दिशेनेही चालतो, एवढेच यातून दिसते.

म्हणून दारू निर्दोष ठरते का? नाही. नंतरच्या प्रयोगांत, ज्यांना खरोखर दारू पाजली त्यांचा असुरक्षित संबंधाकडे कल वाढलेला वारंवार आढळला. रक्तातली दारू वाढेल तसा तो कल वाढत गेला. का, याचे मला पटलेले उत्तर स्टील आणि जोसेफ्स या दोघांनी १९९० साली मांडले. ते म्हणतात, दारू वासना निर्माण करत नाही, ती नजर आखूड करते. जवळचे तेवढे दिसते, लांबचे दिसेनासे होते. समोरची बाई दिसते, घरची दिसत नाही. आत्ताचे सुख दिसते, तीन महिन्यांनंतरची तपासणी दिसत नाही. रात्रीच्या धुक्यात ट्रकचा दिवा जेवढा रस्ता दाखवतो तेवढाच रस्ता आहे, असे चालकाने मानायला लागावे, तसे हे आहे. गांजा, गोळ्या, इतर नशा यांचे काम थोडे वेगळ्या वाटेने चालते, पण पुढचे न दिसणे हे बहुतेकांत आहेच. (तंबाखूविषयी इथे काही लिहीत नाही. लिहिले तर अर्धी दिंडी माझ्याशी बोलणार नाही.)

याच विचाराचा आणखी एक प्रयोग आहे. तो वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. २००० साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी दारूच्या बारमध्ये येणाऱ्या लोकांच्या हातावर शिक्के मारले. काहींच्या शिक्क्यात एड्स जीव घेतो अशा अर्थाचे दोनच शब्द होते. त्यांना वाटत होते की प्यालेल्या माणसाला जवळचे तेवढेच दिसते, तर मग धोक्याची खूणच जवळ आणून ठेवली तर? झाले ते असे की हा शिक्का ज्यांच्या हातावर होता, ते प्यालेले लोक असुरक्षित संबंधाला न प्यालेल्यांपेक्षाही कमी राजी झाले. आखूड झालेल्या नजरेच्या टप्प्यात तो शिक्का होता. मग त्यांना तोच दिसला.

माउली हो, आपल्या गळ्यातली माळ ही तेच तर करते. मद्य नको, मांस नको, परक्या बाईकडे आईच्या नजरेने पाहायचे, एकादशी, हरिपाठ, वारी. हे नियम आपण घेतो ते सकाळच्या वेळी, स्नान करून, शुद्धीत. आणि ते घेतो त्या वेळेसाठी, जेव्हा आपण असे नसू. 'मी चांगला आहे' असे प्रमाणपत्र म्हणून माळ नसते. आपण सगळ्या वेळी आपल्यावर विसंबण्याजोगे नाही, अशी ती कबुली असते. माणूस विसरणार हे धरूनच तिची जागा ठरलेली आहे. ती देव्हाऱ्यात नाही, पेटीत नाही. गळ्यात आहे, मान वळवली की टोचते, घामाने चिकटते, बटण लावताना हाताला लागते. स्वभावाला औषध नसेल, पण पथ्य आहे. मधुमेहाचा रोगी गोडाची आवड सोडू शकत नाही, तो गोडाचा डबा फडताळात वर ठेवून देतो.

आणि त्या रात्री आमच्या पोराने काय केले? पहिला घोट घ्यायच्या आधी, पूर्ण शुद्धीत, त्याने माळ काढली. विटाळ नको म्हणून, असे तो म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता. आपल्याकडे कितीतरी माळकरी सणावाराला, लग्नाच्या वरातीत माळ खुंटीला टांगतात आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून घालतात. माळेची विटंबना होऊ नये ही त्यातली श्रद्धा खरीच आहे. पण त्या श्रद्धेच्या पोटात दुसरेही काही आहे. रात्री आपल्याला काय काय हवेसे वाटेल याचा अंदाज माणसाला संध्याकाळीच आलेला असतो, आणि तेव्हा साक्षीदार जवळ नको असतो. निर्णय वस्तीच्या वाटेवर झाला नाही. तिथे तो चालत गेला तेव्हा निवडण्याजोगे फारसे उरलेच नव्हते. निर्णय केबिनमध्ये झाला, माळ फोटोला अडकवताना. आणि तेव्हा तो शुद्धीत होता.

ग्रीसमधला अरिस्टॉटल हे दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेला. त्याच्या लिखाणात उल्लेख आहे की पिट्टाकस नावाच्या शासकाने प्यालेल्या माणसाच्या गुन्ह्याला न प्यालेल्यापेक्षा अधिक शिक्षा ठेवली होती, कारण न पिणे त्याच्या हातात होते. आपली भारतीय न्याय संहिता आणि तिच्या आधीची दंड संहिताही हेच धरून चालते. नशा कोणी न कळत किंवा बळजबरीने दिली असेल तरच माणूस सुटतो, स्वतःहून केलेल्या नशेला ती सवलत नाही. हाच कायदा दुसरी बाजूही पाहतो, आणि तीही आपल्या कीर्तनांत यायला हवी. नशेत असलेल्या आणि काय चालले आहे ते न समजणाऱ्या बाईने दिलेला होकार हा होकार धरला जात नाही. तिचे पिणे हे पुरुषाला परवाना नव्हे. मात्र व्यसन हाडापर्यंत गेलेला माणूस यातून थोडा वेगळा काढावा लागतो. त्याला पहिला घोटही आपल्या हातात राहिलेला नसतो, त्याला वैद्याची गरज असते. आमचा पोरगा तसा नव्हता. वर्षातून तीन-चार वेळा पिणारा होता.

त्या वस्तीतल्या बाईविषयी दिंडीत कोणी वाईट बोलू लागले की मी कान्होपात्रेची आठवण देतो. गणिकेच्या पोटी मंगळवेढ्यात जन्मलेल्या या बाईची समाधी विठोबाच्या मंदिराच्या आवारात आहे, आणि तिथे माथा टेकवून आपण पुढे जातो. त्या रात्री त्या वस्तीत बाई होतीच. पैशासाठी तिथे बसलेली, निरोध वापर म्हणायची सोय नसलेली. रोग तिच्याकडून आला असेल, तर तोही तिच्याकडे कुणा पुरुषाने आणून दिला होता.

आता अजामेळाकडे येतो. नाममहिमा सांगताना कीर्तनकार त्याला सोडत नाहीत. मरताना धाकट्या मुलाला 'नारायणा' म्हणून हाक मारली आणि यमदूत परतले, एवढी कथा आपल्याला तोंडपाठ आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात कथेची सुरुवातही आहे, ती कमी वेळा सांगितली जाते. हा अजामेळ सदाचारी, विद्वान, आईबापांची सेवा करणारा. बापासाठी फळे, फुले, समिधा आणायला रानात गेला होता. परत येताना त्याला एक मद्य प्यालेला पुरुष आणि मद्य प्यालेली स्त्री दिसली. भागवत सांगते की आपल्याजवळ होते तेवढे ज्ञान आणि धैर्य लावून त्याने मन आवरायचा यत्न केला, पण आवरता आले नाही. इथे दारू त्याने प्यालेली नाही. स्वभावही वाईट नाही. तरी गेला. मग पुढे बापाचे धन त्या स्त्रीपायी घालवले, आणि चांगल्या कुळातली तरुण पत्नी टाकली.

ती पत्नी. तिचे नावही दिलेले नाही. मी सतरा वर्षे ज्या खोलीत बसलो तिथे ती रोज येत असे. लग्नानंतर कुंकवाशिवाय दुसऱ्या पुरुषाकडे न पाहिलेली, आणि हातात लाल शाईने खूण केलेला कागद. ती विचारायची, "मी काय केलं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजून नाही.

एक कबुली मलाही द्यायची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत असाच एक माळकरी माझ्यासमोर आला होता. मी तेव्हा समुपदेशक कमी आणि कीर्तनकार जास्त होतो. त्याला मी माळेची लाज वाटू दे म्हणालो. आणखीही बोललो, ते इथे लिहवत नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला, रक्त देतो म्हणाला, आणि चहा पिऊन येतो म्हणून गेला तो परत आला नाही. दोन वर्षांनी त्याची बायको आली. सोबत मूल होते. दोघांच्याही रक्तात विषाणू होता. तो तपासायला थांबला असता, तर त्या दोघांपैकी निदान एक तरी वाचण्याची शक्यता होती. तेव्हापासून मी पाप हा शब्द त्या टेबलावर आणला नाही. पाप नसते म्हणून नव्हे. लाजेने माणूस सुधारण्याआधी लपतो, आणि तो लपला की मागे उरलेली बाई उघड्यावर पडते.

म्हणून तरडगावला त्या रात्री मी पोराला आधी उत्तर दिलेच नाही. आधी हिशोब सांगितला. असा प्रसंग घडल्यापासून बहात्तर तासांच्या आत दवाखान्यात गेले, तर संसर्ग टाळण्यासाठी औषधे सुरू करता येतात, अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. ती वेळ गेली. पण सहा आठवड्यांनी तपासणी करता येते, तीन महिन्यांनी पुन्हा करायची. सरकारी तपासणी केंद्रात ती फुकट होते, नाव कोणाला कळत नाही. १०९७ या क्रमांकावर फुकट विचारता येते. फक्त एचआयव्ही नव्हे, गरमी, परमा, हिपॅटायटिस बी हेही पाहायचे. आणि विषाणू निघालाच, तरी २००४ पासून सरकारी रुग्णालयात औषधे मोफत आहेत. ती नेमाने घेणारे लोक आज वर्षानुवर्षे वारी करत आहेत.

"आणि ती?" त्याने विचारले.

"तिची तपासणी झाली असेल तिसऱ्या महिन्यात."

"झाली. सगळं ठीक आहे म्हणाले."

"म्हणजे आता तिला पुन्हा कोणी तपासणार नाही. डॉक्टरांच्या लेखी ती ठीक आहे. तिच्या लेखीही. तू सांगशील तरच कळेल. आत्ता कळलं तर बाळाला वाचवायला औषधं आहेत, चार महिने हातात आहेत. आणि तोवर तिच्याजवळ जायचं तर निरोधाशिवाय जायचं नाही."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पंढरपुरात पोचतो. चंद्रभागेत स्नान करतो, देवापुढं सगळं कबूल करतो, मग घरी जाऊन सांगतो. असं केलं तर?"

दुसऱ्या दिवशी चालताना ही गोष्ट, नाव न घेता, मी आमच्या विणेकऱ्यांपाशी काढली. ते माझ्याहून मोठे, चाळीस वाऱ्या केलेले. ते म्हणाले, वारी अर्धी सोडू नये, पांडुरंगाच्या पायाशी बळ मिळेल, मग सांगू दे. त्यांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही. ज्याला एकट्याने दार ठोठावायचे आहे त्याला बळ लागतेच. पण मला अजामेळाच्या कथेचा शेवट आठवला, जो आपण विष्णुदूतांच्या विमानात गुंडाळून टाकतो. नामाने यमदूत परतले, पण अजामेळ लगेच वैकुंठाला गेला नाही. तो जिवंत राहिला. शुद्धीवर आला, आणि रडला. रडताना त्याने ज्यांची नावे काढली त्यात ती टाकलेली तरुण पत्नी होती, म्हातारे, निराधार आईबाप होते. नामाने त्याला आधी हे आठवून दिले. पण तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाला होता. तिच्याकडे परत जायची वेळ केव्हाच निघून गेली होती, म्हणून तो गंगाद्वारी गेला. आमचा पोरगा एकतीस वर्षांचा आहे, आणि त्याच्या गावाला फलटणहून एसटी आहे.

विणेकऱ्यांना हे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, वीणा दुसऱ्या खांद्यावर घेतली.

फलटणच्या मुक्कामी सकाळी त्याने रक्त दिले, मी बाहेर बाकावर बसलो होतो. निकाल काय आला ते इथे लिहिणार नाही. ती गोष्ट त्याची आहे आणि तिची आहे, वाचकांची नाही. बाहेर आल्यावर त्याने पहिल्या रात्रीचा प्रश्न पुन्हा विचारला. दारूचं की माझं? मी म्हणालो, "माळ काढली कोणी?" तो म्हणाला, "मी." मग थोड्या वेळाने म्हणाला, "परत घालू का?"

ज्यांनी त्याला माळ घातली त्या वडिलांना विचार, असे मी सांगितले. मला तो अधिकार नाही. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मला काय उत्तर योग्य ते कळले नाही.

एसटी स्टँडवर वारकऱ्यांची गर्दी होती. त्याने पताका माझ्याकडे दिली, पाया पडला, आणि दारात लटकूनच आत शिरला. खिडकीतून फोन कानाला लावलेला दिसला. पलीकडून उचलला की नाही ते कळले नाही. माळ गळ्यात होती की अजून पिशवीतच, तेही गर्दीत मला दिसले नाही.